लाइन-स्कॅन कॅमेरा घेण्याआधी पट्टा तपासा

दिंडोरी तालुक्यातला माल आता शेतातून थेट ट्रकमध्ये जातोच असे नाही. मोहाडीला सह्याद्री फार्म्सच्या आवारात शेतकऱ्यांच्याच कंपनीचे प्रतवारी, पॅकिंग आणि प्रक्रियेचे काम चालते. जानोरीच्या बाजूला पॅकहाऊस आणि शीतगृहे आहेत, तालुक्यात वायनरी आहेत, लखमापूरला बांधकामाच्या शीट बनतात. या सगळ्या ठिकाणी एक काम सारखे आहे: सरकत्या मालाकडे डोळे लावून उभे राहायचे आणि खराब नग बाजूला काढायचा. हे काम कॅमेऱ्याकडे सोपवावे असा विचार आता लहान कारखानदारही करू लागले आहेत. त्यात ‘लाइन-स्कॅन’ हे नाव वारंवार कानावर येते.

पॅकहाऊसचा मालक, प्लँटचा मेंटेनन्स पाहणारा इंजिनिअर आणि ऑटोमेशनची कामे घेणारा तरुण, अशा तिघांसाठी हा लेख आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. या पद्धतीत चित्राची रुंदी कॅमेरा देतो, पण लांबी तुमचा पट्टा देतो. पट्टा डुलत असेल, घसरत असेल, तर कितीही महागडा कॅमेरा आणा, चित्र वाकडेच येणार.

हा कॅमेरा तुम्हाला हवा आहे का?

नेहमीचा कॅमेरा एका क्षणात पूर्ण चौकट टिपतो. लाइन-स्कॅन कॅमेऱ्याच्या सेन्सरवर मात्र पिक्सेलची एकच ओळ असते: २०४८, ४०९६, ८१९२ किंवा त्याहून जास्त. रंगीत कॅमेऱ्यात अशा दोन-तीन ओळी असतात. माल खालून सरकतो, कॅमेरा ओळीमागून ओळ टिपतो आणि संगणक त्या ओळी एकाखाली एक रचून चित्र बनवतो. झेरॉक्सच्या दुकानातला स्कॅनर हेच करतो. फरक इतकाच की तिथे कागद स्थिर असतो आणि ओळ सरकते.

आपल्या देशाने हे तंत्र मोठ्या प्रमाणावर आकाशातून वापरले आहे. मार्च १९८८ मध्ये सोडलेल्या आयआरएस-१ए उपग्रहावरच्या लिस-१ कॅमेऱ्यात २०४८ घटकांच्या रेषीय सीसीडी होत्या. एका घटकाच्या वाट्याला जमिनीचा ७२.५ मीटरचा तुकडा येई. २०४८ ला ७२.५ ने गुणा, सुमारे १४८ किलोमीटर येतात. तेवढा रुंद पट्टा तो कॅमेरा एका वेळी पाही आणि पुढची ओळ उपग्रहाच्या गतीमुळे मिळे. तुमच्या कन्व्हेयरचे गणितही नेमके हेच आहे, फक्त मीटरच्या जागी मिलिमीटर येतात.

माल सलग किंवा रुंद असेल आणि वेग जास्त असेल, तर हा कॅमेरा योग्य ठरतो. सिमेंटची शीट, कागद, कापड, प्लॅस्टिक फिल्म, पट्ट्यावर पसरलेले टोमॅटो किंवा बेदाणा ही त्याची नेहमीची कामे. गोल बाटली जागेवर फिरवली तर तिचे संपूर्ण लेबल उलगडून सपाट दिसते, हा आणखी एक चांगला उपयोग. पण माल एकेक करून थांबत येत असेल, तर साधा चौकटीचा कॅमेरा स्वस्त आणि सोपा पडतो. निर्यातीच्या द्राक्षघडांसाठी तर मी हा मार्ग सुचवणार नाही. घड पट्ट्यावर लोळवता येत नाही, मणी एकमेकांआड लपतात, आणि कात्री घेऊन बसलेली अनुभवी बाई घड हातात फिरवून जे पाहते ते वरून पाहणाऱ्या एका ओळीला दिसत नाही.

आधी कागदावर गणित

उदाहरणादाखल टोमॅटोची प्रतवारी घेऊ. पट्ट्याची कामाची रुंदी ६०० मिमी, वेग मिनिटाला ३० मीटर. पकडायचा सर्वांत लहान दोष म्हणजे अळीने पाडलेले एक मिलिमीटरचे छिद्र.

पहिली पायरी, पिक्सेल. दोष निदान तीन पिक्सेलवर यावा, पाच-सहावर आला तर उत्तम. ४०९६ पिक्सेलच्या कॅमेऱ्याने प्रत्येक पिक्सेलला ०.१५ मिमी पाहिले तर एकूण ६१४ मिमी रुंदी झाकली जाते. दोन्ही काठांना थोडी जागा उरते आणि एक मिलिमीटरचे छिद्र सहा-सात पिक्सेलवर येते.

दुसरी पायरी, ओळींचा वेग. मिनिटाला ३० मीटर म्हणजे सेकंदाला ५०० मिमी. प्रत्येक ०.१५ मिमीला एक ओळ हवी, म्हणजे सेकंदाला सुमारे ३,३३३ ओळी. एका ओळीसाठी ३०० मायक्रोसेकंद मिळतात. एक्स्पोजर मात्र २०० मायक्रोसेकंदांवर कायम ठेवा. तेवढ्या वेळात टोमॅटो ०.१ मिमीच सरकतो, त्यामुळे चित्र पुसट होत नाही. शिवाय उद्या वेग ४५ मीटरपर्यंत वाढवला तरी एक्स्पोजरला हात लावावा लागत नाही. एक्स्पोजर ओळीच्या कालावधीला बांधले, तर पट्टा मंदावताच चित्र उजळते आणि सॉफ्टवेअर गोंधळते.

तिसरी पायरी, माहितीचा ओघ. रंगीत चित्रासाठी ४०९६ × ३,३३३ × ३, म्हणजे सेकंदाला सुमारे ४१ मेगाबाइट. एक गिगाबिटच्या नेटवर्क केबलची मर्यादा सेकंदाला १२५ मेगाबाइट आहे आणि प्रत्यक्षात शंभरच्या थोडे वर मिळतात. म्हणजे या कामाला साधा गिगई कॅमेरा पुरतो. कॅमेरालिंक किंवा कोअॅक्सप्रेस या जास्त वेगाच्या जोडण्यांचा खर्च इथे करायचे कारण नाही. कॅमेऱ्यासाठी संगणकात स्वतंत्र नेटवर्क कार्ड मात्र ठेवा. ऑफिसच्या स्विचवर त्याला टांगू नका.

हे तीन आकडे हातात नसताना विक्रेत्याशी बोलायला बसलात, तर तो सांगेल तो कॅमेरा घ्यावा लागेल.

पट्टा आणि एन्कोडर

कॅमेऱ्याला ‘आता ओळ टिप’ हे सांगण्याचे काम एन्कोडर करतो; तो शाफ्टचे फिरणे मोजून पल्स देतो. अनेक ठिकाणी तो मोटरच्या शाफ्टवर बसवलेला दिसतो. तसे करू नका. ओल्या मालाच्या पट्ट्यावर ड्रमची पकड सुटते: मोटर फिरत राहते, पट्टा क्षणभर मागे राहतो आणि चित्रातला टोमॅटो दुधीसारखा लांबतो. पट्ट्यानेच फिरणाऱ्या, म्हणजे मोटर नसलेल्या रोलरवर एन्कोडर बसवा, किंवा पट्ट्याच्या कोरड्या बाजूला स्प्रिंगने दाबलेले मोजचाक लावा.

रोलरचा व्यास १०० मिमी असेल तर परीघ ३१४.१६ मिमी. एन्कोडर एका फेरीला १००० पल्स देत असेल आणि ए-बी या दोन्ही चॅनेलच्या कडा मोजल्या, तर ४००० नोंदी होतात. एका नोंदीला ०.०७८५ मिमी. आपल्याला हवे ०.१५. दर दोन नोंदींना एक ओळ घेतली तर ०.१५७ येते आणि गोल टोमॅटो जवळपास पाच टक्के चपटा दिसतो. बहुतेक कॅमेऱ्यांत किंवा चित्र संगणकात घेणाऱ्या ग्रॅबर कार्डात गुणक आणि भाजक बसवण्याची सोय असते. ११ ने गुणून २१ ने भागा. ओळीचे अंतर ०.१४९९ मिमी येते. तेवढे पुरे.

ए आणि बी दोन्ही चॅनेल जोडण्याचे आणखी एक कारण आहे. पट्टा थांबताना थोडा मागे येतो, थरथरतो. एकच चॅनेल असेल तर ती थरथरही ‘पुढे सरकलो’ म्हणून मोजली जाते आणि चित्रात खोट्या ओळी घुसतात. दिशा ओळखणारी सेटिंग चालू ठेवा. एन्कोडर लाइन ड्रायव्हर आउटपुटचा घ्या, केबल शील्डेड घ्या आणि ती मोटरच्या ड्राइव्हच्या पॉवर केबलसोबत एकाच ट्रेमधून नेऊ नका.

मोजचाक रोज पुसणे हाही सेटिंगचाच भाग आहे. १०० मिमीच्या चाकावर टोमॅटोच्या रसाचा आणि धुळीचा एक मिलिमीटर थर चढला की व्यास १०२ होतो आणि सगळी मोजमापे दोन टक्क्यांनी चुकतात.

कॅमेरा कुठे पाहतो हेही महत्त्वाचे. दोन रोलरच्या मधोमध पट्टा वरखाली होतो. शीट किंवा फिल्म असेल तर ती रोलरवर ताणलेली असते तिथे पाहा. फळांसाठी ओळीच्या जागी पट्ट्याखाली सपाट आधारपत्रा द्या. पट्टा निळा घ्या. अन्नात निळा रंग जवळजवळ नसतो, त्यामुळे फळ आणि पार्श्वभूमी सहज वेगळी होते. फळाची खालची बाजूही पाहायची असेल, तर फिरत्या रोलरचा कन्व्हेयर लागेल किंवा फळ पट्ट्याच्या टोकावरून सुटते त्या जागी वर-खाली दोन कॅमेरे लावावे लागतील. त्या जागी ओळ पट्ट्याच्या टोकाला शक्य तितकी जवळ ठेवा, कारण हवेत गेलेल्या फळाचा वेग एन्कोडरला कळत नाही.

लाइट

साध्या कॅमेऱ्याला एका फोटोसाठी काही मिलिसेकंद मिळतात, इथे २०० मायक्रोसेकंद. त्यामुळे शेडमधल्या ट्यूबवर भागणार नाही. सलग, जोरकस एलईडी बार लागतो आणि त्याला स्थिर डीसी करंट देणारा ड्रायव्हर लागतो. साध्या ड्रायव्हरचा लाइट ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. डोळ्याला ते दिसत नाही, कॅमेऱ्याला मात्र दर ३३ ओळींना एक काळपट पट्टी दिसते.

टोमॅटोची साल चकाकते. लाइट वरून सरळ मारला तर प्रत्येक फळावर पांढरा ठिपका येतो आणि छिद्र नेमके त्याखाली लपते. ओळीच्या मागून आणि पुढून असे दोन बार तिरपे लावा, त्यांवर दुधी डिफ्यूझर बसवा. तरीही चकाकी राहिली तर लाइटवर आणि लेन्सवर एकमेकांना काटकोनात पोलरायझर लावता येतात. पण त्यात बराच प्रकाश खर्ची पडतो, तो हिशेब आधी करा.

सिमेंटच्या शीटवर उलट चालते. तिथला बारीक ओरखडा किंवा उंचवटा दाखवायला लाइट जवळजवळ पृष्ठभागाला घासून जाईल इतका आडवा लावतात, म्हणजे खरबरीतपणाची सावली पडते. फिल्ममधले भोक पाहायचे तर लाइट खालून द्यावा. मालाचा दोष कोणत्या प्रकाशात नजरेत भरतो हे टॉर्च हातात घेऊन, वेगवेगळे कोन करून आधी पाहा. त्याला खर्च काहीच नाही.

सगळ्यावर काळ्या पत्र्याचे झाकण हवेच. छताच्या पारदर्शक पत्र्यातून दुपारी चारला येणारे ऊन सकाळी केलेले सेटिंग बिघडवते.

लेन्स आणि उंची

आपल्या उदाहरणातल्या सेन्सरचा एक पिक्सेल ७ मायक्रॉनचा असेल, तर ४०९६ पिक्सेलची ओळ २८.७ मिमी लांब होते. सी-माउंटच्या लहान लेन्स एवढे वर्तुळ झाकत नाहीत. चित्राचे काठ काळे पडतात. एफ-माउंट किंवा एम४२ची लेन्स घ्या. २८.७ मिमीवर ६१४ मिमी आणायचे म्हणजे विशालन सुमारे ०.०४७. त्यासाठी ३५ मिमीची लेन्स मालापासून साधारण ७८५ मिमीवर बसते. शेडमध्ये तेवढी उंची आहे का, हे ब्रॅकेट वेल्ड करण्याआधी मोजा.

टोमॅटो गोल असल्याने वरचा निदान २५-३० मिमीचा भाग स्पष्ट दिसायला हवा. या मांडणीत लेन्सचे छिद्र एफ ४ वर ठेवले तर जेमतेम २७ मिमी खोली स्पष्ट मिळते, एफ ५.६ वर सुमारे ३७ आणि एफ ८ वर ५४. प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा होतो. इथे एफ ५.६ वर थांबणे शहाणपणाचे, आणि फोकस पट्ट्यावर न करता फळाच्या वरच्या भागाच्या उंचीवर करावा.

रंगीत कॅमेऱ्याबद्दल एक सावधगिरी. लाल, हिरवा आणि निळा यांच्या ओळी सेन्सरवर वेगवेगळ्या असतील, तर त्या एकाच वेळी एकच जागा पाहत नाहीत. सॉफ्टवेअर त्या नंतर जुळवते. सपाट शीटवर हे छान जुळते. उंच-सखल फळांवर, विशेषतः कॅमेरा तिरपा असेल तर, कडांना रंगीत झालर येते. कॅमेरा पट्ट्याला काटेकोर लंब ठेवा. तरीही भागले नाही तर प्रिझमचा कॅमेरा असतो, पण त्याची किंमत बरीच जास्त.

गुण्यात आणणे

पाणसळ, ओळंबा आणि गुण्या ही तीन साधने इथे संगणकाइतकीच लागतात. कॅमेऱ्याची ओळ पट्ट्याच्या दिशेला काटकोनात हवी. कॅमेरा एक अंश जरी फिरला, तरी ६०० मिमी रुंदीत एका टोकाची ओळ दुसऱ्यापेक्षा साडेदहा मिलिमीटर पुढे पडते.

पट्टा थांबलेला असताना कॅमेरा त्याच्या अंतर्गत घड्याळावर चालवा. स्क्रीनवर एकच ओळ पुन्हा पुन्हा येते, त्यामुळे सगळे उभ्या रेघांसारखे दिसते, घाबरू नका. काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा कागद योग्य उंचीवर धरा आणि रेघांच्या कडा जास्तीत जास्त तीव्र होईपर्यंत फोकस फिरवा.

ओळ नेमकी कुठे पडते हे शोधायला कागदावर दोन उभ्या रेघा आणि त्यांच्यात एक तिरपी रेघ छापा. ओळ मधून गेली तर तिरपी रेघ दोन्ही उभ्या रेघांपासून सारख्या अंतरावर दिसते. असे तीन कागद डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे एका सरळ पट्टीवर चिकटवा. तिन्हीकडे अंतर सारखे आले की कॅमेरा सरळ.

मग पट्टा चालू करा आणि १०० मिमीचा छापील चौरस त्यावरून जाऊ द्या. आपल्या गणिताने तो दोन्ही बाजूंनी ६६७ पिक्सेलच्या आसपास यायला हवा. रुंदी बरोबर आणि लांबी चुकली तर एन्कोडरचा गुणक पाहा. दोन्ही बाजू बरोबर पण कर्ण असमान, तर कॅमेरा गुण्यात नाही. गवंडी पाया आखताना जे करतो तेच हे काम आहे.

काळा आणि पांढरा संदर्भ

लेन्सच्या काठाला प्रकाश कमी पोहोचतो, एलईडी सगळे सारखे नसतात, पिक्सेलही नसतात. हे सगळे समान करण्याची सोय कॅमेऱ्यात असते. आधी कॅमेरा अर्धा तास चालू ठेवून तापू द्या, कारण सेन्सरचा काळा स्तर तापमानाबरोबर बदलतो. लेन्सवर झाकण लावून काळा संदर्भ घ्या. मग फळाच्या उंचीवर, न चमकणारा पांढरा पत्रा धरून पांढरा संदर्भ घ्या. सर्वांत उजळ पिक्सेल २५५ पैकी २०० च्या जवळ ठेवा. २५५ ला टेकला तर संदर्भ निरुपयोगी. संदर्भ घेताना पत्रा हलता ठेवा, नाहीतर त्यावरचा धुळीचा कण कायमची उभी रेघ बनून बसतो. लेन्सचे छिद्र, लाइट किंवा गेन बदलला की दोन्ही संदर्भ नव्याने घ्या.

चित्र काय सांगते?

बिघाड शोधताना पहिला प्रश्न: खूण पट्ट्याच्या वेगाबरोबर बदलते का?

आडव्या काळपट पट्ट्या येत असतील तर त्यांतले अंतर मोजा. ३० मीटर वेगावर अंतर ५ मिमी आणि १५ मीटरवर अडीच मिमी, तर दोष लाइटच्या विजेत आहे. वेग बदलूनही अंतर तेच, तर दोष रोलरमध्ये, चाकात किंवा एन्कोडरच्या कपलिंगमध्ये आहे. ३१४ मिमीला एकदा येणारी खूण म्हणजे तुमचा १०० मिमीचा रोलर गोल नाही किंवा शाफ्ट वाकलेला आहे.

सलग उभी रेघ म्हणजे कॅमेऱ्याच्या पेटीच्या खिडकीवर किंवा सेन्सरवर घाण. सरळ कडा नागमोडी दिसली तर पट्टा डावी-उजवीकडे डुलतो. अधूनमधून नग तुटका येत असेल तर केबलमधला गोंगाट किंवा नेटवर्कमध्ये हरवलेल्या ओळी तपासा. एकच फळ दोन चित्रांत विभागले जात असेल, तर तो कॅमेऱ्याचा दोष नव्हे. सॉफ्टवेअरने हजार ओळींचे, म्हणजे १५० मिमीचे तुकडे पाडले आहेत. लागोपाठच्या तुकड्यांमध्ये पाचशे ओळी सामाईक ठेवा, म्हणजे कोणतेही फळ एका तरी तुकड्यात पूर्ण येईल.

बाहेर काढणे आणि पारख

खराब नग उडवणारी हवेची नळी ओळीपासून ४५० मिमी पुढे असेल, तर ‘इतक्या मिलिसेकंदांनी उडव’ असे सांगू नका. ‘तीन हजार ओळींनंतर उडव’ असे सांगा. पट्टा मंदावला तरी नेम चुकणार नाही. व्हॉल्व्ह उघडायला लागणारा वेळ मात्र वेगळा धरावा लागतो.

चाचणी सुरू करण्याआधी, आज हे काम हाताने करणाऱ्या ताईंना बोलवा. एकच क्रेट दोघींकडून वेगवेगळी निवडून घ्या. त्यांच्यातच मतभेद निघाले तर आधी दोषाची व्याख्या पक्की करा. माणसांना न पटलेला नियम कॅमेरा पाळू शकत नाही. मग ओळखीच्या नगांचा संच करा. टोमॅटो चार दिवसांत बदलतो, म्हणून त्याच रंगाचे लाकडी किंवा प्लॅस्टिकचे गोळे घ्या आणि त्यांवर ठरावीक मापाचे ठिपके काढा. ते डाव्या काठाने, मधून आणि उजव्या काठाने, वेगवेगळ्या वेगांवर सोडा. सुटलेले खराब नग आणि उगाच उडवलेले चांगले नग यांची नोंद वेगळी ठेवा. पहिल्या चुकीने ग्राहक दुखावतो, दुसरीने शेतकरी. कोणती किती सहन करायची हा निर्णय मालकाचा आहे, तो प्रोग्रॅमरवर सोडू नये.

जिथे रोज धुणे होते तिथे कॅमेरा आयपी ६७ च्या पेटीत ठेवा आणि खिडकी काचेऐवजी पॉलिकार्बोनेटची बसवा, कारण अन्नाच्या लाइनवर फुटणारी काच चालत नाही. पेटी पत्र्याच्या छताखाली एप्रिलमध्ये किती तापते हेही पाहा.

शेवटी, खरेदीच्या ऑर्डरमध्ये कॅमेऱ्याच्या मॉडेलआधी या चार ओळी लिहा: सर्वांत लहान दोष किती मिलिमीटरचा, पट्टा कमाल किती वेगाने, शंभर खराब नगांतले किती सुटलेले चालतील आणि शंभर चांगल्यांतले किती वाया गेलेले चालतील. उरलेले पैसे या चार ओळी तुमच्याच पट्ट्यावर, तुमच्याच मालावर सिद्ध झाल्यावर द्यायचे, असे ठरवून घ्या. जो पुरवठादार हे मान्य करतो, तो कॅमेरा बसवण्याआधी पट्टा तपासायला स्वतःहून येतो.